न्गुगी, अचेबे आणि आईला वाचता न येणारी कादंबरी

सांजपारा : केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो यांचं 'डीकॉलोनायझिंग द माइंड' (१९८६) परवा वाचून संपवलं. हट्टी माणूस. १९६२ साली युगांडातल्या कंपालाच्या मकेरेरे कॉलेजात आफ्रिकी लेखकांचा मेळावा भरला, पण फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांचा. विद्यार्थी न्गुगींना दोन छापील कथांवर आवतण, आणि स्वाहिलीतले थोर कवी शाबान रॉबर्ट, योरुबातले कादंबरीकार फागुनवा दाराबाहेर! आफ्रिकी लेखकानं मायबोलीतच लिहावं, हे न्गुगींचं मला पटतं. जिच्यावर कादंबरी लिहिली त्या आईलाच ती वाचता येत नसेल, तर ती लिहिली कुणासाठी?

कोरडवाहू : असहमत. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) इंग्रजीत आहे म्हणून ती त्यांच्या इग्बो लोकांची उरली नाही का? म्हणी म्हणजे शब्द ज्याच्याशी लावून खायचे ते पामतेल, असं तीत येतं. हे इंग्रजाला सुचलं असतं? आणि मायबोली म्हणजे नेमकी कुठली? १९१३ चं इग्बो बायबल मिशनऱ्यांनी बोलीबोलींची मोट बांधून केलेल्या 'युनियन इग्बो'त आहे. तिच्यावर अचेबेंचा भलता राग होता. म्हणजे 'शुद्ध' इग्बोही साहेबानंच शिवलेली!

सांजपारा : शिवण उसवायला त्याच भाषेत लिहावं लागतं ना? १९७७ बघा. न्गुगींची 'पेटल्स ऑफ ब्लड' इंग्रजीत आली, सरकारवर चांगलीच जहाल. लेखकाला कुणी हात लावला नाही. त्याच वर्षी कामिरीथू गावच्या शेतकऱ्या-मजुरांनी त्यांचं नाटक मायबोलीत, म्हणजे गिकुयूत केलं, तर प्रयोग बंद आणि वर्षअखेरीस लेखक विनाचौकशी तुरुंगात. तिथे टॉयलेट पेपरवर गिकुयू कादंबरी लिहिली. ती पुढे दारूच्या गुत्त्यांत मोठ्यानं वाचली जायची. सत्तेला कुठली भाषा झोंबते ते कळलं.

खुसपट : आणि आपण दोघांनी हे सगळं वाचलं कुठल्या भाषेत? :)

कोरडवाहू : तेच तर! शिवाय केन सारो-विवा विसरू नका. 'सोझाबॉय' (१९८५) त्यांनी मुद्दाम 'कुजक्या इंग्रजी'त लिहिली. ते ओगोनी, म्हणजे नायजेरियातल्याच एका छोट्या जमातीचे. त्यांच्या लेखी इग्बो-योरुबासुद्धा थोरल्या शेजाऱ्याचीच भाषा. छोट्या जमातीला साहेबाची भाषा कधीकधी सोयीची पडते, हे न्गुगी मोजत नाहीत.

सांजपारा : हा मुद्दा मात्र मान्य. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

वेशीवरची : वाद थोरामोठ्यांचा चालू द्या. न्गुगींच्या शाळेत गिकुयू बोलणाऱ्याला छड्या, नाहीतर गळ्यात 'मी गाढव आहे' अशी पाटी. लेकीच्या शाळेत पाटी नाही, मराठी शब्दाला दोन रुपये दंड आहे. गेल्या महिन्यात बावीस भरले. त्यातले चार 'अगं आई गं'चे.