मदत हवी आहे: आई-बाबांसोबत रेडवुडमध्ये कॅम्पिंग, हम्बोल्ट की जेडेडाया स्मिथ?

नमस्कार मंडळी. आम्ही सॅन होजेला राहतो. जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत आणि त्यांना रेडवुडचं जंगल नुसतं गाडीतून दाखवायचं नाही, तिथे रात्री मुक्काम करायचाय. बाबा वनखात्यातून निवृत्त झालेत, झाड दिसलं की आधी सालीला हात लावतात. रेडवुडची ती तांबूस, दोऱ्यादोऱ्यांची, फूटभर जाड साल त्यांनी बघावी असं फार वाटतं.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कमधलं बर्लिंग्टन कॅम्पग्राउंड मनात आहे. फाउंडर्स ग्रोव्ह या रेडवुडच्या राईतली पायवाट जवळ आहे, लहान आणि सपाट आहे. १९९१ साली कोसळलेला डायरव्हिल जायंट हा महाकाय रेडवुड तिथे अजून आडवा पडलाय, तो तर बाबांना दाखवायचाच. पण काहीजण म्हणतात, आणखी उत्तरेला जेडेडाया स्मिथ या दुसऱ्या रेडवुड पार्कला जा, तिथली ग्रोव्ह ऑफ टायटन्स ही महाकाय झाडांची राई बघा. तिथवर गाडीचा प्रवास बराच लांबतो आणि आईचे गुडघे दुखतात.

वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलंय का? बर्लिंग्टनमध्ये स्वच्छतागृहापासून जवळची, सपाट जागा कोणती? बुकिंग सहा महिने आधीच उघडतं, त्यामुळे लवकर ठरवायला हवं. रात्री तंबूत थंडी कितपत लागते? आईसाठी घडीचा पलंग न्यावा म्हणते. आणि अस्वलांमुळे खाण्याचं सगळं लोखंडी पेटीत ठेवावं लागतं, तर चार जणांचा शिधा, भाकरी-चटणीच्या डब्यांसकट, एका पेटीत मावतो का?