जपानमध्ये मुलीला 'काम्पो'ची पुडी दिलीय, ही तिथली बाळगुटी का?

सोनचाफा_तोक्यो
नमस्कार मंडळी, आम्ही निशिकासाईला राहतो, मुलगी सव्वादोन वर्षांची. गेला महिनाभर रात्री एक-दीडला किंचाळत उठते, डोळे सताड उघडे पण आपल्याला ओळखत नाही, अर्धा तास रडते आणि परत झोपते, सकाळी तिच्या गावीही नसतं. मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कान बघितले, पोट दाबून बघितलं आणि चक्क काम्पोच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक वनौषधींच्या, पुड्या लिहून दिल्या. चंदेरी पाकीट, त्यावर मोठा ५४ आकडा, आत तपकिरी दाणे, नाव योकुकान्सान. मला वाटायचं काम्पो म्हणजे जुन्या बाजारात कोणी म्हातारेबाबा शंभर ड्रॉवरमधून मुळ्या काढून तोलून देतात ते, आणि हे तर स्टेथोस्कोपवाले साधे डॉक्टर, वर मेडिकलमध्ये पैसेही घेतले नाहीत, लहान मुलांच्या योजनेत बसतं म्हणे.

खरी गंमत पुढे. शेजारच्या काकूंनी माझ्या हातात ती पुडी बघितली आणि म्हणाल्या, अय्या हे तर आमच्या सासूबाईंचं औषध! त्या ८८ वर्षांच्या, डिमेन्शिया आहे, संध्याकाळ झाली की 'घरी जायचंय' म्हणून चपला घालून दारात उभ्या. आता दोन वर्षांच्या मुलीला नि ८८ च्या आजींना एकच पुडी कशी काय? आणि तिकडे आई फोनवर 'अगं बाळगुटी उगाळ की' म्हणतेय. हे आधीपासून असंच आहे की नवीन फॅड?

ओसाकातला_बंड्या
ताई, फॅड नाही, औषध तुमच्या पोरीचंच आहे, आजींनी नंतर पळवलंय :) इथे २३ वर्षं झाली, दोन पोरं इथेच वाढवली त्यामुळे थोडं माहितीये.

योकुकान्सान मूळ चीनमधलं, सोळाव्या शतकातल्या मिंग काळातल्या बालरोगाच्या ग्रंथातलं. रात्री रडणारी, दात खाणारी, झटके येणारी पोरं, त्यांच्यासाठी. नावाचा अर्थ साधारण 'यकृत आवरणारं', कारण त्यांच्या हिशोबात राग यकृतात राहतो. सात वनस्पती, त्यात ज्येष्ठमध आहे आणि एका वेलीचे गळासारखे वाकडे काटेही आहेत. म्हाताऱ्यांची चिडचिड, भास, मारायला धावणं यावर इथल्या डॉक्टरांनी वापरून बघितलं, २००५ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला आणि मग ते एवढं चाललं की आज बऱ्याच जणांना ते म्हाताऱ्यांचंच औषध वाटतं. पाकिटातला कागद मात्र वाचा, त्यात अजूनही 'बाळाचं रात्रीचं रडणं' आणि 'कान' लिहिलेलं असतं.

हे 'कान' म्हणजे आपला कान नव्हे, पोराची किरकिर. पूर्वी लोक म्हणायचे पोरात 'कान नो मुशी' शिरलाय, म्हणजे किडा. आमच्या सासूबाई (जपानी) सांगतात, त्यांना लहानपणी देवळात नेऊन तळहातावर शाईने अक्षरं लिहिली, हात धुतले आणि बोटांच्या टोकांतून पांढरे तंतू निघाले, तोच म्हणे किडा! आपल्याकडे दृष्ट काढताना मिरच्यांचा ठसका आला नाही की कशी सगळ्यांची खात्री पटते, तसंच. याच किड्यावरच्या बारीक गोळ्या अजून दुकानात मिळतात, उझु क्यूमेइगान चंदेरी, ही मंडळी १५९७ सांगतात, आणि आमच्या ओसाकाची हिया किओगान सोनेरी, ती १६२२ ची. मोहरीपेक्षा बारीक गोळी, वयावर मोजून द्यायची. सासूबाईंनी आमच्या थोरल्यासाठी आणलेली, बाटली अजून कपाटात आहे, देण्याची हिंमत माझी झाली नाही.

बाळगुटीचा खरा जुळा भाऊ मात्र 'माकुरी'. समुद्रातलं लालसर शेवाळ, ते उकळून जन्मलेल्या बाळाला आईच्या दुधाच्याही आधी द्यायचे, पोटातली पहिली काळी शी निघावी म्हणून. अक्षरशः बाळकडू! हेच शेवाळ जंतांवर चालायचं. युद्धानंतर शेतात मैल्याचं खत, त्यामुळे पोराटोरांच्या पोटात जंत, मग शाळेत रांग लावून हा काढा पाजायचे, त्या पिढीतल्या कोणालाही नुसतं नाव सांगा, नाक धरतात. १९५३ मध्ये त्यातला जंत मारणारा पदार्थ वेगळा काढला, काइनिक ॲसिड. पुढे जंत गेले, काढाही गेला, आणि तेच ॲसिड आता लॅबमध्ये उंदरांना मुद्दाम फिट आणायला वापरतात. घ्या!

वैद्य_मिरजकर
वरच्या प्रतिसादात एक भर. जपानात आपल्यासारखं बीएएमएस वेगळं आणि एमबीबीएस वेगळं असं नाहीच. मेइजी काळात, १८८३ ला, नियम झाला की डॉक्टरकीचं लायसन्स फक्त पाश्चात्त्य वैद्यकाची परीक्षा देऊन मिळणार, काम्पोवाल्यांनी बरीच धडपड केली पण १८९५ ला त्यांचं बिल संसदेत पडलं. आणि विरोधाभास बघा, १८७९ मध्ये जन्मलेला राजपुत्र, पुढचा ताइशो सम्राट, तान्हा असताना खूप आजारी पडला तेव्हा उपचार करणाऱ्यांत काम्पोचे आसादा सोहाकु होते. राजाचं पोर चालतं पण लायसन्स नाही.

मग काम्पो टिकलं ते रीतसर एमडी झालेल्या काही हट्टी डॉक्टरांमुळे. काढ्याचे तयार दाणे १९५० च्या दशकात आले, १९६७ ला थोडी आणि १९७६ ला एकदम बरीच औषधं सरकारी विम्यात आली, आज १४८ पाठ (म्हणजे ठरलेली औषधी मिश्रणं) विम्यात आहेत. एवढ्यांतून ओळखायला कंपनी पाकिटावर नंबर घालते, तो तुमचा ५४.

लहान-मोठ्यांची अदलाबदल मात्र जुनीच. म्हाताऱ्यांच्या आठ द्रव्यांच्या पाठातून दालचिनी आणि बचनाग ही दोन उष्ण द्रव्यं काढून चीनमध्ये सुंग काळात च्यान यी नावाच्या वैद्याने सहा द्रव्यांचं औषध केलं, खास मुलांसाठी, कारण मूल मुळातच उष्ण. तेच आज जपानात रोकुमिगान, आणि लिहून देतात बहुतेक वयस्कर लोकांना, लघवीच्या तक्रारीवर!

बालरोग_पुणे
गोष्टी छान आहेत, पण मी जरा पाणी ओततो. ताई, तुम्ही सांगताय त्यावरून नाइट टेरर वाटतंय, ते बहुतेक मुलांत आपोआप जातं, त्यामुळे पुडीने गेलं की वाढत्या वयाने गेलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. हां, सगळंच तसं नाही, वारंवार कान दुखणाऱ्या बाळांवर जुझेन-ताइहो-तो या काम्पो औषधाची रीतसर चाचणी झालीये आणि तिथल्या कानाच्या गाइडलाइनमध्ये ते आहे. पण 'हर्बल म्हणजे सेफ' हे डोक्यातून काढा. ज्येष्ठमध जास्त झालं तर पोटॅशियम खाली येतं, सूज येते, त्यामुळे दुसरी कुठली पुडी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. फ्लूसाठी देतात त्या माओतोमध्ये एफेड्रा ही वनस्पती असते, छाती धडधडते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कडू लागतं म्हणून मध अजिबात नको, हे इकडच्या आज्यांनाही सांगून थकलो. बाळगुटीचंही तेच, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, सहाण कुठे कुठे ठेवलेली असते ते आठवा.

सोनचाफा_तोक्यो
सगळ्यांचे खूप आभार! @बालरोग_पुणे हो, दुसरं काही चालू नाही, विचारून घेतलं. आईलाही तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती म्हणाली तुम्ही सगळे जगलात ना? असो.

पाजण्याचं सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिल्या दिवशी पाण्यात ढवळून दिलं, निम्मं माझ्या कुर्त्यावर. मग मेडिकलमधल्या मुलीने दाखवलं, दाण्यांवर तीन-चार थेंब कोमट पाणी, बोटाने मळून वाटाण्याएवढी गोळी, आणि ती गालाच्या आतून चोपडायची, जिभेवर नाही, लगेच पाणी. दुधात घालू नका म्हणाली, मूल दूधच सोडतं. माझ्या बाईसाहेबांना गालही नको होता, शेवटी चॉकलेट आइस्क्रीममध्ये लपवलं, कडू कडूत खपलं. काकू सासूबाईंना पुडिंगमधून देतात म्हणे, त्यांनाही दाणे दातांत अडकतात.

आज पाचवा दिवस, दोन रात्री उठली, तीन नाही, त्यावरून काही बोलत नाही.

ओसाकातला_बंड्या
एक राहिलंच. त्या जुन्या ग्रंथात असं आहे की हे औषध बाळाबरोबर आईनेही घ्यायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधातून मिळावं हा एक हिशोब, आणि आईचीही झोप उडालेली असते हा दुसरा.

सोनचाफा_तोक्यो
@ओसाकातला_बंड्या अहो, आज फॉलोअपला गेले होते तेव्हा डॉक्टरांना हेच विचारलं, मला वाटलं हसतील. त्यांनी मुलीची फाइल बाजूला ठेवली आणि मलाच विचारलं, तुम्ही किती तास झोपता, जबडा आवळलेला असतो का, उगाच ओरडता का. तिन्हींची उत्तरं ऐकून म्हणाले, पुढच्या वेळी तुमचंही विम्याचं कार्ड घेऊन या.