'चार्ज' एक, मराठीत शब्द किती?

बेदाणा_तासगाव: मंडळी, एका शब्दाला अडकलोय. आमच्या सोसायटीच्या कर्जाच्या इंग्रजी कागदाचा मराठी मसुदा करून द्यायचाय आणि त्यात जिथं तिथं 'चार्ज'. एका कलमात कागदपत्रांचा खर्च म्हणून, दुसरीकडं शाखेचा चार्ज ज्याच्याकडं असेल तो माणूस, आणि खाली 'सभासदाच्या जमिनीवर चार्ज निर्माण होईल'. आधीचा मसुदा कुणीतरी मोबाईलवरनं काढलेला, त्यात सरसकट 'शुल्क'. जमिनीवर शुल्क निर्माण होईल! आमच्या चुलत्यांनी वाचलं आणि म्हणाले, पाणीपट्टी हाय, घरपट्टी हाय, आता रानपट्टी पण आली काय, सही करत नाही जा. मी तिथं 'भार' केलं तर सचिव म्हणतात ते विजेचं वाटतंय. काय लिहू?

दप्तरी: यात विचार करण्यासारखं काय आहे, 'बोजा' लिहा. सातबाऱ्याला इतर अधिकारात सोसायटीचा बोजा असतोच की. बोजा चढवला, बोजा कमी केला, हे शेतकऱ्याला कोश न उघडता कळतं.

वाईकर: बोजा हा डोक्यावर घ्यायचा. 'भार' हाच प्रमाण शब्द आहे आणि तोच सगळीकडं चालवावा असं माझं मत. पदभार, कार्यभार, प्रभारी, सगळं त्यातलंच. मराठी विश्वकोशात (जो आमच्या वाईत तर्कतीर्थांनी उभा केला) इलेक्ट्रॉनवर ऋण विद्युत् भार असतो. इंग्रजीला एक शब्द पुरतो तर आपल्याला का नको?

खांबावरचा: वाईकर, लाईटबिल बघिटलाय का कधी? 'मंजूर भार' म्हणजे लोड, किलोवॅटमधी. चार्ज म्हणजे 'आकार', स्थिर आकार, वहन आकार. आणि भारनियमन म्हणजे काय ते आख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. म्हणजे विजेत भार हा शब्द आधीच लोडनं पळवलाय, तुम्ही त्याला परत चार्जला बांधायला निघालाय.

वडील मिरजेत लाईनमन होते. परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी) घेतलं, एबी स्विच उघडून लाईन तोडली, तरी तारेत उरलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय तारेला हात नाही. काम झालं की माणसं खाली, रॉड काढला, परमिट परत, मग फोनवर एवढंच, 'करा चार्ज'. तिथं 'तार भारित करा' म्हणत बसलं तर पलीकडचा माणूस 'आँ?' करणार, आणि त्या कामात 'आँ' ला जागा नसते.

वाईकर: धोक्याच्या कामाचं सोडा हो, आपण लिहायच्या भाषेबद्दल बोलतोय.

पाटीपेन्सिल: लिहायच्याच भाषेचं सांगते. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात भार नाही, 'प्रभार' आहे. धनप्रभारित, ऋणप्रभारित. आमच्या शाळेला तेव्हा कायम हेडसर नव्हते, बोर्डावर 'प्रभारी मुख्याध्यापक'. एका कार्ट्यानं भर वर्गात विचारलं, बाई, आपले सर धनप्रभारी का ऋणप्रभारी? आकर्षण-प्रतिकर्षण त्याच्याएवढं कुणालाच समजलं नसणार 😄

दप्तरी: पाटीपेन्सिल, तुमच्या सरांनी चार्ज 'घेतला' असेल, प्रभार नव्हे. पंचायत समितीत आयुष्य गेलं माझं. चार्ज घेणं म्हणजे कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, कॅशबुक, हजेरीपट, यादी करून एकेक वस्तू मोजून घ्यायची आणि दोघांनी खाली सह्या करायच्या. डेडस्टॉक रजिस्टरवर बारा खुर्च्या आणि समोर दहा, की अडकला चार्ज. त्या रजिस्टरचं सरकारी मराठी 'जडवस्तू संग्रह नोंदवही', छापील मुखपृष्ठ सोडून हे नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आदेशात 'कार्यभार', तोंडात 'चार्ज', दोन्ही सुखानं नांदतात.

खांबावरचा: आणि पोलिसांनी लाठीकार्यभार केला 🙏

वाईकर: लाठीमार हा उत्तम मराठी शब्द आहे, पेपरवाले 'सौम्य' लावून त्याची वाट लावतात ती गोष्ट वेगळी. चार्जशीटलाही आरोपपत्र, दोषारोपपत्र आहेच.

गाडीतळ: गंमत सांगू का, सगळ्याचं मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये 'कॅरस' म्हणजे गाडी, त्यावरून 'कॅरिकारे' म्हणजे गाडीत माल भरणे, ते फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन चार्ज झालं. कार आणि कार्गो याच घरातले. तोफेत दारू भरली तर चार्ज, बॅटरीत वीज भरली तर चार्ज, माणसावर जबाबदारी टाकली, आरोप टाकला, पैसे लादले, सगळं ओझंच. म्हणजे तलाठी लॅटिन न शिकता बरोबर मुक्कामाला पोचला, बोजा!

वाईकर: म्हणजे भारच की. मी काय वेगळं म्हणत होतो?

कोर्टकचेरी: वकिलाचं ऐकता का जरा. सांगलीत रोज दस्त करतो म्हणून सांगतो, 'बोजा' फार ढगळ शब्द आहे. खरेदीखतात आम्ही 'निर्वेध, निजोखमी, बिनबोजाची' लिहितो तिथं बोजा म्हणजे कुठलंही लचांड, गहाण असो नाहीतर जप्ती. चार्ज त्यापेक्षा नेमका आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, गहाण कलम ५८ मध्ये, चार्ज कलम १०० मध्ये. गहाणात जमिनीतला हितसंबंध दुसऱ्याकडं जातो, चार्जमध्ये तसं काही जात नाही, फक्त त्या जमिनीतून वसुली करायचा हक्क तयार होतो. सोसायटीच्या बाबतीत तर १९६० च्या सहकार कायद्याचं कलम ४८ आहे, सभासद स्वतः लिहून देतो की या जमिनीवर चार्ज. त्यालाच आपल्याकडं इकरार म्हणतात.

बेदाणा_तासगाव: मग मी 'बोजा' लिहून पुढं कंसात 'वसुलीचा हक्क' असं केलं तर चालेल का? कागद सोमवारी द्यायचाय.

पाटीपेन्सिल: इकरार नाही हो, 'ई-करार'. सातबाऱ्यावर बोजा चढवायचा अर्ज ऑनलाईन झाल्यापासून.

कोर्टकचेरी: ऑनलाईनच्या कितीतरी आधीपासून 'इकरार' आहे! अरबी शब्द, इकरार म्हणजे कबुली, इकरारनामा. कॉम्प्युटर आला आणि कुणीतरी 'इ' ला 'ई' करून मधी रेघ मारली, झालं इलेक्ट्रॉनिक.

पाटीपेन्सिल: पण सरकारी साईटवरच ई-करार लिहिलंय की. उद्या लोक तेच लिहिणार म्हणजे तोच शब्द बरोबर होणार, नाही का?

वाईकर: चूक छापली म्हणून शब्द होत नाही.

खांबावरचा: का होत नाही? आमच्या वडिलांच्या सोसायटीच्या जुन्या कागदावर हातानं 'एकरार' लिहिलंय, आणि घरात सगळे समजत होते की एकराप्रमाणं कर्ज मिळतं म्हणून एकरार. कर्ज बी मिळालं आणि फिटलं बी.

कोर्टकचेरी: एकरार हे जुन्या कागदात मिळतं, तेही चालतं. ई-करार मात्र मी मरेपर्यंत लिहिणार नाही.

दप्तरी: वकीलसाहेब, मग ऑनलाईन अर्ज भरताना यादीतलं कुठलं बटण दाबता?