चाळीस वर्षं पळून फुल मॅरेथॉन अखेर चार तासांच्या आत आली, आता पुढे काय?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. यंदा जानेवारीत मुंबईची फुल (४२ किलोमीटर) ३:५८ मध्ये झाली, चिप टाइम, म्हणजे स्टार्टची रेघ ओलांडल्यापासून मोजलेला. तेव्हा वय ५८, मार्चमध्ये ५९ पूर्ण झालं.

थोडं मागचं सांगते म्हणजे प्रश्न कळेल. १९८४ ला लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं मेडल सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं तेव्हा मी कॉलेजला जायला लागले होते, आणि ते वाचून आम्ही दोघी मैत्रिणी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून पळायला लागलो. मग कॉलेजकडून क्रॉस कंट्री, मग बँकेत नोकरी, लग्न, मुलं, मधली बरीच वर्षं फक्त बँकेच्या स्पोर्ट्समध्ये जे पळणं होईल तेवढंच. २००४ ला मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि परत किडा वळवळला. आधी हाफ (२१ किलोमीटर), मग फुल. चार-वीस, चार-अकरा करत करत खाली आले आणि चार-तीन, चार-पाच इथे जी गाडी अडकली ती अडकलीच. पन्नाशीच्या आसपास तर झोप नाही, वजन वाढतंय, पिंडऱ्या धरतायत, तेव्हा वाटलं होतं की ते चार तास आता आपल्या नशिबात नाहीत.

यावेळी वेगळं काय केलं तर लाँग रन खरंच हळू पळले, किलोमीटरला साडेसहा-पावणेसात मिनिटांच्या पेसने, त्र्यंबक रोडला अंजनेरीपर्यंत. जिमला वर्षभर खाडा केला नाही. आणि आपल्याकडे डिसेंबरात पहाटे आठ-नऊ डिग्री असते, ती कोरडी थंडी सोडून मुंबईच्या दमटात गेलं की पंचवीस किलोमीटरनंतर माणूस वितळतो, म्हणून शेवटचे तीन आठवडे काही रन मुद्दाम दुपारी तीनला फुल बाह्यांचं जॅकेट घालून केले. लोक बघायचे, बघू दे.

पाच-अडतीसच्या पेसचे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याचे टाइम, बॉलपेनने हातावर लिहिले होते, हाफ १:५९ च्या आत असं. हाफ बरोबर तिथेच आली. परतीच्या पेडर रोडच्या चढाला बघते तर घामाने सगळी शाई पसरलेली, एक आकडा वाचता येईना, डोकं तर चालतच नव्हतं. एका आजीबाईंनी संत्र्याची फोड हातात दिली आणि "अगं, चढ संपला, आता उतारच आहे" म्हणाल्या. त्यानंतर घड्याळ पाहिलंच नाही, पाय नेतील तसे नेले. चिप टाइमचा मेसेज आला तेव्हा फूटपाथवर बसून ढसाढसा रडले.

आता प्रश्न. ग्रुपमधले म्हणतात अमेरिकेतली बॉस्टन मॅरेथॉन कर, तिथे वयानुसार ठरलेल्या टाइमच्या आत पळून क्वालिफाय व्हावं लागतं. पण ५५ ते ५९ च्या बायकांना टाइम आहे चार तास, आणि अर्ज जास्त आले की त्याच्याही आत लागतं, २०२६ ला साडेचार मिनिटं आत लागलं, म्हणजे धरा ३:५५, माझी तीन मिनिटं कमी पडतात. ती तीन मिनिटं काढायला अजून एक वर्ष अंग घासायचं, का टायमिंगचा नाद सोडून नुसतं पळायचं? आनंद झाला तो झालाच, पण फेब्रुवारीत साडेचारला जाग यायची आणि उठून कशासाठी जायचं तेच कळायचं नाही. इतकी वर्षं एकच आकडा समोर होता. हे कुणाला झालंय का?

अंजनेरी लूप

ताई, आधी मनापासून अभिनंदन!! या वयात पर्सनल बेस्ट आणि तीही चारच्या आत, आमच्या ग्रुपमध्ये तिशीतले कितीतरी जण त्यासाठी धडपडतायत.

आता महत्त्वाचं, नीट वाचा. बॉस्टनचा एज ग्रुप तुम्ही क्वालिफाय केलं त्या दिवशीच्या वयावर ठरत नाही, बॉस्टनच्या रेसच्या दिवशी तुमचं वय काय असेल त्यावर ठरतो. रेस असते एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी. २०२७ च्या मार्चमध्ये तुम्हाला ६० पूर्ण होणार, म्हणजे एप्रिल २०२७ ला तुम्ही ६०-६४ मध्ये, आणि तिथे बायकांचा टाइम आहे ४:२०. तुमच्याकडे तब्बल बावीस मिनिटं शिल्लक आहेत!! ३:५५ चा तुमचा काही संबंधच नाही. (५५-५९ चा टाइम २०२५ पर्यंत ४:०५ होता, २०२६ पासून साठच्या आतल्यांना सगळ्यांना पाच मिनिटांनी कडक केलाय, म्हणून चार तास.)

२०२७ साठीची क्वालिफाइंग मुदत सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालीये, म्हणजे जानेवारीची मुंबई त्यात बसते, आणि कोर्स प्रमाणित आहे. नुसता टाइम असून भागत नाही हे खरं, अर्ज जास्त आले की जे जास्त फास्ट आहेत त्यांना आधी घेतात. २०२४ ला ५ मिनिटं २९ सेकंद जास्तीचे लागले, २०२५ ला ६:५१, २०२६ ला ४:३४. बावीस मिनिटांपुढे हे काहीच नाही. सप्टेंबरमध्ये रजिस्ट्रेशन उघडेल, चिप टाइमचं सर्टिफिकेट आणि पासपोर्ट तयार ठेवा. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं मात्र आत्तापासून बघा, तिथे भरवसा नसतो.

फिजिओ सिडको

अभिनंदन ताई. फेब्रुवारीचं जे लिहिलंय ते माझ्याकडे येणारे बरेच रनर सांगतात, मोठी रेस झाली की दोन-तीन महिने असं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण नुसतं मनावर ढकलू नका, एकदा रक्त तपासा. हिमोग्लोबिन नॉर्मल असून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) खाली असतं आणि बाई म्हणते उत्साहच नाही. व्हिटॅमिन डी पण बघा.

दुसरं, पाळी गेल्यानंतर हाडांची घनता वेगाने कमी होते आणि पळणाऱ्या बायकांना वाटतं आपण पळतो म्हणजे हाडं मजबूत. पळण्याने थोडा फायदा होतो, पण वजन उचलणं त्याहून जास्त कामाचं. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला नसेल तर करून घ्या. ताकद तुम्ही वाढवली म्हणून टाइम आला, हे माझं स्पष्ट मत. तिशीनंतर शरीराची ऑक्सिजन वापरायची क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते, नियमित ट्रेनिंग करणाऱ्यांची कमी उतरते, पण उतरते. ती उतरत असताना तुमचा टाइम सुधारला तो पिंडऱ्या, मांड्या, पेसची शिस्त यांच्या जोरावर. तेव्हा बॉस्टनला जायचं म्हणून किलोमीटर वाढवू नका, जिम सोडू नका. ३:५५ च्या मागे तर आता अजिबात लागू नका.

जुना ट्रॅकवाला

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. बॉस्टनला जायला तिकीट, हॉटेल, फी धरून काही लाख जातात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं, पण नाही गेलं म्हणून ३:५८ कमी होत नाही. मास्टर्समध्ये, म्हणजे वयाने मोठ्या खेळाडूंच्या स्पर्धांत, एज ग्रेडिंग असतं, तुमच्या वयाच्या जागतिक दर्जाच्या टाइमशी तुलना करून टक्के काढतात, ६० च्या वर लोकल क्लास, ७० च्या वर रीजनल, ८० च्या वर नॅशनल. कॅल्क्युलेटर ऑनलाइन मिळतो. त्यात तुमची जुनी ४:०३ आणि आत्ताची ३:५८ टाकून बघा, फरक पाच मिनिटांचा दिसणार नाही, कितीतरी मोठा दिसेल. पुढचं टार्गेट हवंच असेल तर टक्क्यांचं ठेवा, ते वयाबरोबर चालतं. कॅनडाचे एड व्हिटलॉक वयाच्या ७३ व्या वर्षी २:५४ पळाले आणि ८५ व्या वर्षी ३:५६. साठी म्हणजे काही शेवट नाही.

आणि एक विनंती. आपल्या नाशिकला पळण्याची परंपरा आहे, सावरपाड्याची कविता राऊत इथूनच २०१० च्या कॉमनवेल्थला दहा हजार मीटरचं ब्राँझ घेऊन आली आणि रिओला मॅरेथॉन पळाली. पण तशा पाड्यावरून येणाऱ्या पोरी आजही एका जोडी बुटांवाचून थांबतात. तुमच्यासारख्या बाईने आठवड्यातून एक दिवस मैदानावर त्यांच्याबरोबर उभं राहावं असं वाटतं.

पहिली फुल २०२७

काकू, तुमची पोस्ट दोनदा वाचली, आईला पण वाचून दाखवली. मी २६ वर्षांची, सातपूरला नोकरी, शिफ्टमुळे पहाटे जमत नाही. पहिल्यांदा हाफ केली ती २:२५ ची. दुपारी जॅकेट घालून पळणं सेफ आहे का? आणि एकट्या मुलीने त्र्यंबक रोडला अंधारात जावं का, घरचे सोडत नाहीत.

अंजनेरी लूप

@जुना ट्रॅकवाला, दोन्ही होऊ शकतं की दादा, बॉस्टनही आणि मैदानही. ताई जायचं ठरवलंत तर एक लक्षात ठेवा, तो कोर्स हॉपकिंटन गावापासून सुरुवातीला बराच उतरता आहे. लोक तिथे पेस उडवतात, मांड्या तिथेच जातात, आणि मग न्यूटन गावातले चढ येतात, हार्टब्रेक हिल तर ३२-३३ किलोमीटरला. त्र्यंबककडून नाशिककडे येताना रस्ता हळूहळू उतरता आहे, लाँग रन त्या बाजूने करा, उताराची सवय होईल. थंडी-पावसाची पण तयारी ठेवा, २०१८ ला गार पाऊस आणि समोरून वारा होता, कसलेले रनर सोडून गेले.

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार. अंजनेरी लूप, तुमचं ते वयाचं वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं, मग मुलाला फोन केला, त्याने नियम उघडून दाखवला. खरंच ४:२०! माझा जन्म १९६७ चा. त्याच वर्षी बॉस्टनला कॅथरीन स्विट्झरला रेस चालू असताना ऑफिशियलने ढकलून बाहेर काढायचा प्रयत्न केला होता, बायकांना अधिकृत प्रवेश तर १९७२ ला मिळाला. त्या रस्त्यावर साठीत पळायचं म्हटल्यावर पैशाचं मी बघते, रिटायरमेंटचे थोडे बाजूला ठेवलेत, नवराही म्हणाला जा. सप्टेंबरमध्ये अर्ज करणार. टाइमसाठी नाही पळणार तिथे, फिजिओ सिडको काळजी करू नका. फेरिटिन आणि डेक्साची अपॉइंटमेंट आजच घेतली.

जुना ट्रॅकवाला, तुमचं म्हणणं मनाला लागलं. बुटांचं मी आणि बँकेतल्या मैत्रिणी मिळून करू शकतो, पण नुसते बूट देऊन निघून यायचं नाहीये मला. शनिवारी मैदानावर कुणाला भेटायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि सातपूरच्या मुली, जॅकेटचं आत्ता नको, आधी दोन हिवाळे नीट पळ, आणि ते करताना मी एकटी नसायचे, नवरा स्कूटरवर पाणी घेऊन मागे असायचा. अंधारात एकटीने त्र्यंबक रोडला अजिबात जायचं नाही, ट्रक भरधाव असतात. तुझी सुट्टी कधी असते सांग. आमच्या चार-पाच बायकांचा ग्रुप रविवारी पहाटे पाचला एबीबी सर्कलला भेटतो, एक गाडी सोबत असते, पाणी-केळी गाडीत. आईला पण घेऊन ये, ती गाडीत बसेल. तुझा पेस चालेल, आम्ही पहिले दहा किलोमीटर गप्पा मारतच जातो.