तातडीची मदत हवी: फर्स्ट कॉपी डायव्हर घड्याळ तारकर्लीच्या पाण्यात चालेल का?

वारजेकर
शुक्रवारी रात्री पुण्याहून निघतोय, शनिवारी सकाळी तारकर्लीला स्कूबा बुक केलंय. घड्याळ डायव्हरचं आहे, फर्स्ट कॉपी. डायलवर १००० फूट = ३०० मीटर लिहिलंय. हातात चांगलं वजनदार लागतं, मशीन ऑटोमॅटिक. घालून पाण्यात उतरू का? दोन तास वाचतोय, सरळ कोणीच सांगत नाही. हो किंवा नाही एवढंच सांगा. 'ओरिजिनल घ्या' हा सल्ला नको.

तलावकर
हो, बिनधास्त. माझ्याकडेही फर्स्ट कॉपीच आहे. टिळक तलावावर दोन उन्हाळे रोज घालून पोहलो, आत थेंब नाही.

घड्याळवेडा
तलावकर, तुमचं टिकलं याचा आनंद आहे, पण त्यावरून वारजेकरांच्या घड्याळाबद्दल काहीच कळत नाही. कॉपी बनवणारा दिसण्याची नक्कल करतो. पाणी अडवतात त्या रबराच्या रिंगा: एक मागच्या झाकणाखाली, एक काचेभोवती, बाकीच्या चावीत आणि चावीच्या नळीत. त्यांची जाडी आणि त्या बसतात ती खाच किंचित इकडेतिकडे झाली की संपलं. एकाच खोक्यातली दोन घड्याळं सारखी निघतील याची खात्री नाही.

वारजेकर, आधी हे सांगा. चावी आटे फिरवून बसते का नुसती आत दाबायची? मागचं झाकण कधी उघडलंय का? घड्याळ किती जुनं?

मालवणी_मुलूख
फोनचा पाउच पुण्यातूनच घेऊन या, झिपवाला नको, क्लिपवाला घ्या. समुद्रात उतरण्याआधी आत टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवून बघा.

वारजेकर
फोन नेत नाहीये. चावी आट्यांची आहे. झाकण एकदा उघडलंय, रोज दहा मिनिटं पुढे जायचं म्हणून पेठेतल्या एका दुकानात दिलं होतं. आता सांगा.

घड्याळवेडा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. झाकण उघडून परत लावताना रिंग कोरडी राहिली किंवा चिमटली असेल, तर अस्सल घड्याळही पाणी घेईल. दुकानदाराने सिलिकॉन ग्रीस लावलं होतं का? नंतर प्रेशर टेस्ट केली का?

वारजेकर
माहीत नाही. पाच मिनिटांत दिलं.

काका_अभियंता
३०० मीटर लिहिलं असलं तरी हात पाण्यात जोरात मारला की दाब कितीतरी पट वाढतो, म्हणून पोहायलासुद्धा १०० मीटरचं घड्याळ लागतं. हे लक्षात ठेवा.

सिंहगडपायथा
काका, आदर ठेवून सांगतो, हा गैरसमज आहे. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने मारला, आणि हा वेग खूप झाला, तरी वाढणारा दाब साधारण ०.१२५ बार, म्हणजे सव्वा मीटर खोलीइतका. गणित सोपं आहे: अर्धा × घनता × वेगाचा वर्ग. पाण्यात दर १० मीटरला सुमारे १ बार वाढतो. तारकर्लीला नवशिक्यांना ५ ते १० मीटरच्या आसपास नेतात. म्हणजे घड्याळावर बाहेरून जास्तीचा दाब १ बारच्या आतबाहेर. ३०० हा आकडा इथे कामाचाच नाही.

तलावकर
मग मी तेच म्हणतोय ना! १ बार तर कोणतंही घड्याळ सोसेल.

सिंहगडपायथा
नाही. रिंग नीट बसली असेल तर सोसेल. चिमटली असेल तर बादलीतही पाणी घेईल. प्रश्न आकड्याचा नाही, रिंगेचा आहे.

घड्याळवेडा
याच्याशी पूर्ण सहमत. आता डायलवरच्या आकड्याबद्दल, कारण सगळे त्यालाच धरून बसलेत. डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. त्यात किमान १०० मीटर लागतात आणि प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाला तपासावं लागतं. नमुन्यादाखल चार उचलून चालत नाही. साध्या 'वॉटर रेझिस्टंट' घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ २२८१०, तिथे नमुना तपासणी चालते. कॉपीवरचा आकडा फक्त छापलेला असतो. त्यामागे कोणतीच तपासणी नाही.

अजून एक. काही कॉपींवर शोभेसाठी हेलियमचा व्हॉल्व्ह (आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारी झडप) असतो. तो खोल समुद्रात दिवसेंदिवस दाबाच्या कोठीत राहणाऱ्यांसाठी असतो, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. पण कॉपीत तो खरोखर आरपार भोक पाडून बसवला असेल, तर पाण्याला आणखी एक वाट मिळते. बाजूला आहे का बघा.

रानवारा
घड्याळात पाणी गेलं तर तांदळाच्या डब्यात ठेवा, दोन दिवसांत ठीक होतं. माझ्या वडिलांचं एचएमटी असंच वाचलं.

घड्याळवेडा
साध्या पाण्याच्या वाफेपुरतं ठीक. समुद्राचं पाणी गेलं तर तांदूळ मीठ काढत नाहीत आणि पोलादी भाग लगेच गंजायला लागतात. त्याच दिवशी उघडून साफ करावं लागतं, आणि मालवणात शनिवारी दुपारी कोण करून देणार?

काका_अभियंता
घरच्या घरी तपासता येतं. घड्याळ ४०-४५ अंशांच्या गरम पृष्ठभागावर पंधरा मिनिटं ठेवा, मग काचेवर साध्या पाण्याचा थेंब टाका. मिनिटभराने पुसा. काचेच्या आत धुकं दिसलं तर गळतं.

घड्याळवेडा
काका, ती चाचणी बरोबर आहे, पण तिच्यातून आत आधीच ओल आहे की नाही तेवढंच कळतं. आजवर पाणी गेलं नसेल तर काच स्वच्छ दिसेल आणि वारजेकर निर्धास्त होऊन उतरतील.

वारजेकर, कोरडी प्रेशर टेस्ट करून घ्या. यंत्रात हवेचा दाब देतात, काच किंवा झाकण किंचित दबतं, यंत्र ते मोजतं. हवा आत शिरत असेल तर ते हळूहळू मूळ जागी यायला लागतं. घड्याळ ओलं होत नाही. घड्याळजीकडे यंत्र आहे का, हे आधी फोन करून विचारा, सगळ्यांकडे नसतं.

सिंहगडपायथा
आणि पाण्याखालची वेळ या घड्याळावर मोजू नका. अस्सल डायव्हरची वेळ मोजायची बाहेरची कडी एकाच बाजूला फिरते, म्हणजे धक्का लागला तरी उरलेला वेळ कमीच दिसतो, जास्त दिसत नाही. कॉपीत ती दोन्हीकडे सरकलेली मी स्वतः पाहिली आहे. तुमच्या बाबतीत प्रशिक्षक सोबत असेल, म्हणून जिवाचा प्रश्न नाही.

तलावकर
एवढं सगळं एका फर्स्ट कॉपीसाठी? कॅसिओचं २०० मीटरवालं ड्युरो घ्या आणि मोकळे व्हा.

वारजेकर
दुसरं घ्यायला सांगू नका म्हटलं होतं. कारण सांगतो. हे घड्याळ दाजींनी दुबईहून आणून दिलंय. ताई आणि दाजी सोबत येतायत, स्कूबाचे पैसेही त्यांनीच भरलेत. मी दुसरं घातलं तर त्यांना वाईट वाटेल. आणि हे बिघडलं तर त्याहून वाईट.

मालवणी_मुलूख
हे आधी सांगायचं ना दादा.

घड्याळवेडा
मग तर टेस्ट नक्की करा. घरी चावीला व्हॅसलिन वगैरे लावू नका.

वारजेकर (गुरुवार)
लक्ष्मी रोडजवळ एका घड्याळजींकडे यंत्र मिळालं. ३ बारला लगेच नापास. त्यांनी मागचं झाकण उघडून दाखवलं: रिंग कोरडी होती आणि एका ठिकाणी खाचेबाहेर येऊन चपटी झाली होती. त्यांनी नवी रिंग ग्रीस लावून बसवली, परत टेस्ट केली. काच आणि झाकण ठीक, पण हवा अजून जातेच आहे, चावीच्या नळीतून. ती नळी आटे पाडून बसवलेली नाही, नुसती दाबून बसवली आहे. ते म्हणाले, पाऊस आणि हात धुणं चालेल, समुद्र नाही. व्हॉल्व्ह फक्त शोभेचा आहे, भोक आरपार नाही.

रात्री दाजींना फोन करून जसंच्या तसं सांगितलं. आधी दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, दुकानदाराने त्यांना पाण्यात चालतं असं छातीठोक सांगितलं होतं, आणि त्यांच्या हातातलंही त्याच दुकानातलं आहे. आता ते विचारतायत की त्यांचं उद्या संध्याकाळपर्यंत तपासून मिळेल का. घड्याळजी शुक्रवारी किती वाजेपर्यंत असतात ते मी विचारलंच नाही.

घड्याळवेडा
सकाळी उघडताच जा, दोन्ही घेऊन. दाजींच्या घड्याळाची नळीच आधी बघायला सांगा.