स्टॉक साइटवर फोटो टाकणं म्हणजे फुकटात राबणं झालंय का? (चर्चा)

वणीचा_कॅमेरा
राजेहो, सरळच विचारतो. माझं मेन काम लग्नाचं, तिथी नसल्या की शेतातले फोटो काढतो, पऱ्हाटी, तूर, पोळा, आठवडी बाजार, सगळं स्टॉक साइटवर, म्हणजे जिथून गिऱ्हाईक फोटो वापरायचा हक्क विकत घेतात तिथे, टाकत असतो. विकले जातात, नाही असं नाही, पण एका डाउनलोडमागे बहुतेक वेळा दहा सेंट, म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. शटरस्टॉक या साइटनं १ जून २०२० पासून नवीन पद्धत आणली, त्यात वर्षात किती विकलं त्यावर सहा लेव्हल, आपला वाटा १५ टक्क्यांपासून ४० पर्यंत, आणि गंमत अशी की दर १ जानेवारीला सगळे परत खालच्या लेव्हलवर, मागच्या वर्षी कितीही विकलं असलं तरी. आधी नवख्यालाही सबस्क्रिप्शनच्या (गिऱ्हाईकानं ठरावीक वर्गणी भरून घेतलेल्या) डाउनलोडमागे २५ सेंट होते. हा बदल आला तेव्हा जगभरच्या फोटोवाल्यांनी पोर्टफोलिओ बंद ठेवून निषेध केला, कंपनी हालली नाही. आयस्टॉक साइटवर एक्सक्लुझिव्ह नसलेल्याला, म्हणजे दुसरीकडेही विकणाऱ्याला, फोटोचे १५ टक्के, अ‍ॅडोबी स्टॉक ३३ देतं, तेवढंच बरं. माझं म्हणणं इतकंच की उन्हात उभं राहून ज्यानं फोटो काढला त्याला निम्मे तरी भेटले पाहिजेत. कापसाले निदान हमीभाव जाहीर होतो, फोटोले तोही नाही.

अमरावतीचा_डिझायनर
भाऊ राग नको मानू, पण कापसाचं उदाहरण चुकलं. कापूस जिनिंगात गेला की गेला, तुझा फोटो आज विकला तरी उद्या तुझ्याजवळच आहे, परत विकतो, चार साइटवर एकदम टाकता येतो. आणि मी विकत घेणारा माणूस आहे म्हणून सांगतो, कृषी केंद्रवाला पूर्ण ब्रोशरचे दीड हजार देतो ते पण दिवाळीनंतर, त्यात मी फोटोला पाच हजार कुठून घालू? सबस्क्रिप्शन आहे म्हणून तरी आमच्यासारखे पैसे देऊन फोटो घेतात. एकेका साइटवर कोट्यवधी फोटो पडलेत, सूर्यास्त आणि बैलगाडी तर विचारूच नको, मग भाव पडणारच ना. कोणी बळजबरी तर केली नाही टाकायची.

तूरवाला_कारंजा
अबे परदेशातल्या कंपनीले कायले शिव्या देऊन राहिले, आपल्या तालुक्यातले फ्लेक्सवाले पाहा न आधी. गुगलवरून फोटो उचलते, वॉटरमार्क तसाच राहते आन त्याच्यावर सरपंचाचं मुंडकं चिकटवते. थे दहा सेंट तरी देतात बाप्पा.

वणीचा_कॅमेरा
@तूरवाला हाओ, माझाच पोळ्याचा फोटो मी चौकात बॅनरवर पाहिला आहे. पण गावात चोर आहे म्हणून कंपनीनं ८५ टक्के ठेवून घ्यायचे का? आणि डिझायनर भाऊ, बळजबरी नाही म्हणता, पण नियम तेच बदलतात, आम्ही फक्त ओके दाबतो.

वर्धेची_ताई
तुम्ही टक्क्यांवरच भांडत बसलात. मला खरी गडबड लायसन्समध्ये दिसते. रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नाही, पण घेणारा एकदा पैसे देतो आणि मग वर्षानुवर्षं वापरतो. साध्या लायसन्सवर शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी दोघांकडे पाच लाख छापील प्रतींपर्यंत मुभा आहे, त्याच्यावर गेलं तरच मोठं लायसन्स. तू उद्या फोटो काढून टाकलास तरी आधी गेलेली लायसन्सं चालूच राहतात. २०२३ मध्ये अ‍ॅडोबीनं फायरफ्लाय हे चित्रं बनवणारं एआय आणलं ते याच स्टॉकमधल्या फोटोंवर शिकवलेलं, बोनस दिला नंतर, पण आधी विचारलं कोणाला?
आणि सगळ्यात मुख्य, त्या फोटोतली बाई. कापूस वेचणाऱ्या बाईचा चेहरा जाहिरातीसाठी विकायचा तर मॉडेल रिलीजवर, म्हणजे तिच्या संमतीच्या कागदावर, सही लागते. तो कागद इंग्रजीत. तिला कोणी सांगितलं का की हा चेहरा फवारणीच्या औषधाच्या जाहिरातीत येऊ शकतो म्हणून? आणि सही नसेल तर एडिटोरियलमध्ये, म्हणजे फक्त बातमी-लेखांसाठी, टाकतात, मग कुठल्यातरी पेपरात आत्महत्येच्या बातमीवर तिच्या नवऱ्याचा फोटो, माणूस इकडे धडधाकट डवरणी करतोय. आपल्या भागात याची काही वानवा नाही.

वणीचा_कॅमेरा
ताई मी सांगूनच काढतो, शंभर रुपये पण देतो.

वर्धेची_ताई
शंभर रुपये देतोस ते चांगलंच आहे, पण काय सांगतोस? "नेटवर टाकतो" एवढंच ना? कुठेही, कोणीही, कितीही वर्षं वापरेल हे सांग आणि मग पाहा किती जणी हो म्हणतात. स्वतःसाठी निम्मा वाटा मागतोस, तिच्या वाट्याचं एक वाक्य नाही तुझ्या पोस्टमध्ये.

अमरावतीचा_डिझायनर
ताईंशी अर्धा सहमत. पण प्रत्येक चेहऱ्याला रॉयल्टी वाटत बसलं तर कोणी शेतकऱ्याचा फोटोच काढणार नाही, सगळे परदेशी मॉडेलला फेटा बांधून उभं करतील. तसे फोटो आहेतच साइटवर, धोतरावर कडक इस्त्री, हातात नवाकोरा विळा.

काळा_कोट_पुसद
कायद्याचं थोडं. कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ चं कलम १७ वाचा, पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला तर, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो स्टॉकवर टाकायचा विचारही करू नका, ते नवरीच्या बापाचे आहेत. शेतात स्वतःहून काढलेले तुमचे. कलम १९ पण कामाचं, हक्क सोपवायचे तर लेखी लागतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि जागा लिहिली नसेल तर फक्त भारत धरतात. साइटच्या करारात सगळं लिहिलेलंच असतं त्यामुळे तिथे हे चालत नाही, पण गावातला बियाणंवाला व्हॉट्सअ‍ॅपवर "फोटो आमचे झाले" म्हणतो तिथे चालतं. आणि डब्ल्यू-८बेन हा अमेरिकेच्या करासाठीचा फॉर्म भरला का? अमेरिकेतल्या विक्रीवर नाहीतर ३० टक्के कर कापतात, दोन देशांतल्या करारामुळे भारतीयांना १५. दहा सेंटाचं रडता आणि हे सोडून देता.

तूरवाला_कारंजा
वकीलसाहेब फी किती तुमची 😄 आन ते अमेरिकेतल्या फोटोवाल्या बाईचं सांगा न, कॅरल हायस्मिथ. तिनं आपले फोटो तिकडच्या सरकारी लायब्ररीले लोकांसाठी देऊन टाकले, आन तिच्याच संस्थेच्या वेबसाइटवर तिचाच फोटो होता म्हणून तिच्या संस्थेलेच १२० डॉलरची नोटीस आली. मंग तिनं २०१६ मधी गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीवर केस टाकली.

काळा_कोट_पुसद
हो, आणि कोर्टानं कॉपीराइटचा मुद्दा उडवला. गेटीचं म्हणणं होतं की फोटो तिनं सार्वजनिक करून टाकले होते. देताना काय लिहून देतो ते बघा.

वणीचा_कॅमेरा
फॉर्म भरला आहे वकीलसाहेब, तेवढा अडाणी नाही. ताईंचं लागलं थोडं, पण खरं आहे, पुढचे रिलीज मराठीत वाचून दाखवीन. टक्क्यांवर मात्र मी हटत नाही.

अमरावतीचा_डिझायनर
बरं ते जाऊ दे, पोळ्याचे फोटो डायरेक्ट देतोस का? एका कॅलेंडरसाठी पाहिजेत, बारा नग. बोल किती?

वणीचा_कॅमेरा
एकाचे दोन हजार, एका वर्षासाठी, लेखी.

अमरावतीचा_डिझायनर
पाचशे म्हण यार, नाहीतर साइटवरून घेतो.

वर्धेची_ताई
आणि बैलवाल्याला किती?

वणीचा_कॅमेरा
बैलवाला माझा काका आहे ताई, त्याले कळलं तर तो आधी झुलीचं बिल लावते.