समुद्राकडे तोंड असलेली खोली : नीस, कान आणि मोनाको येथील हॉटेलांतले अनुभव

गेल्या दोन-तीन वर्षांत नाशिकमधली आमच्या ओळखीची चार-पाच कुटुंबे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे नीस, कान आणि मोनाकोच्या पट्ट्यात जाऊन आली आणि प्रत्येक घरातून तिथल्या हॉटेलांविषयी निराळेच ऐकायला मिळाले. कोणी म्हणाले, आयुष्यात एकदा तरी राहावे. कोणी म्हणाले, पैसे समुद्रात टाकले. म्हणून ज्यांनी स्वतः तेथे मुक्काम केला आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती. ऐकीव माहिती नको. कोणत्या महिन्यात गेलात, खोली कोणत्या बाजूची होती आणि बिलात शेवटी काय काय वाढले, हे आवर्जून सांगावे. तक्रार असल्यास हॉटेलाचे नाव न घेता लिहावी.

सुरुवात माझ्यापासून करते. आम्ही ऑक्टोबरमध्ये नीसला गेलो आणि दोन रात्री नेग्रेस्को हॉटेलमध्ये राहिलो. गुलाबी घुमटाची ही इमारत 1913 साली सुरू झाली आणि दीड वर्षातच पहिले महायुद्ध पेटल्यामुळे तिचे रुग्णालय झाले. 1957 पासून ते हॉटेल जान ओजिए या बाईंच्या हाती होते. 2019 साली त्या वारल्या, तोवर म्हणजे साठेक वर्षे त्यांनी ते एखाद्या वाड्याप्रमाणे सांभाळले आणि जुनी चित्रे, गालिचे, फर्निचर जमवून खोल्या एकमेकींसारख्या होऊ दिल्या नाहीत. त्यामुळे तेथे खोली निवडताना केवळ आकार पाहून चालत नाही, छायाचित्र मागवावे लागते. आमच्या खोलीतला पलंग इतका नक्षीदार होता की त्यावर ओली छत्री ठेवली म्हणून यजमानांना मी रागावले. मात्र मला सर्वांत आवडले ते खोलीबाहेरचे. तळमजल्यावरच्या मोठ्या गोल दालनात बाकारा कंपनीचे प्रचंड झुंबर आहे, त्यात 16,309 स्फटिक आहेत म्हणतात. सकाळी सहा-सव्वासहाला, पाहुणे उठण्यापूर्वी, मी त्याखाली एकटीच जाऊन बसत असे, आणि एक सफाई कर्मचारी बाई लांब दांड्याच्या कुंच्याने खांबांवरची धूळ झटकत असत. दोन दिवसांत आमचे एकमेकींशी बोलणे एका शब्दापुढे गेले नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवलेली होती.

दिंडोरीहून, द्राक्ष बागायतदार

आमच्याकडून चूक झाली ती महिन्याची. बागेची कामे आटोपल्यावर मे महिना मोकळा असतो, म्हणून मे निवडला, आणि कानचा चित्रपट महोत्सव नेमका मे महिन्यात असतो याचा विचार केला नाही. 2015 च्या सिंहस्थात आपल्याकडे पर्वणीच्या दिवसांत खोल्यांचे जे झाले, तेच तेथे दरवर्षी होते असे समजावे. भाव तर चढतातच, पण बहुतेक चांगली हॉटेले त्या दिवसांत एक-दोन रात्रींसाठी खोली देतच नाहीत. शेवटी नीसमध्ये समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर एक पंचतारांकित हॉटेल मिळाले, त्याचे नाव घेत नाही. आरक्षण करताना ‘बाजूने समुद्रदर्शन’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात बाल्कनीच्या कठड्याला पोट टेकवून, मान डावीकडे पूर्ण वळवली, की दोन इमारतींच्या फटीतून एक निळी चिंधी दिसत असे. मुलगा म्हणाला, ‘बाबा, दर्शन म्हटले आहे, मुखदर्शन समजा.’ ज्यांना खरोखर समुद्र पाहायचा आहे त्यांनी ‘समोरून’ हा शब्द लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. त्याच हॉटेलातल्या जेवणघरात वाईन वाढणाऱ्या माणसाला मी द्राक्षवाला आहे हे कळले, तेव्हा त्याने वाईनची यादी मिटली आणि बेले नावाची वाईन आणली. नीस शहराच्या हद्दीतच, टेकड्यांवर, बेलेचे छोटेसे क्षेत्र आहे आणि त्याला 1941 पासून स्वतंत्र मान्यता आहे. तेथे ब्राके आणि फोल न्वार अशी स्थानिक वाणे लावतात. आपल्याकडच्या यादीत त्यांचे नावही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून एका मळ्यात जाण्याची सोय करून दिली. उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या जमिनीत गोटे आणि वाळू इतकी, की माती हातात धरली तर मुठीतून गळून जाते. त्या दोन तासांसाठी मी त्या फटीतल्या समुद्राचे पैसे माफ केले.

पंचवटीहून, निवृत्त शिक्षिका

मुलाने आणि सूनबाईंनी निवृत्तीची भेट म्हणून ही सहल दिली, त्यामुळे दर किती होता हे मला कोणी कळू दिले नाही. बिल आले की दोघे फ्रेंचमध्ये असल्यासारखे कुजबुजत. सप्टेंबर महिना होता. मला सांगायचे आहे ते किनाऱ्याविषयी. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गुळगुळीत गोटे आहेत. अनवाणी चालणे अशक्य, म्हणून जाड तळव्याच्या चपला सोबत असाव्यात. लाट परत जाताना ते सगळे गोटे एकदम घरंगळतात आणि सुपात हरभरे पाखडल्यासारखा आवाज येतो. रात्री खिडकी उघडी ठेवून मी तो आवाज ऐकत झोपत असे. हॉटेलासमोरच्या आखीव किनाऱ्यावर गाद्या आणि छत्र्या मांडलेल्या असतात. त्या आपल्या हॉटेलाच्याच, म्हणून मी निःशंक जाऊन बसले, तर त्याचे वेगळे भाडे निघाले. शेजारीच सार्वजनिक किनारा फुकट आहे, आणि वरच्या रस्त्यावर पालिकेच्या निळ्या खुर्च्याही आहेत. नंतरचे चारही दिवस मी तेथेच बसले.

शाकाहारी माणसाचे हाल होतात असे ऐकले होते. हॉटेलाच्या न्याहारीत फळे, पाव, चीज भरपूर होते. रात्रीच्या जेवणाचा प्रश्न जुन्या गावातल्या सोकाने सोडवला. हरभऱ्याचे पीठ, पाणी आणि ऑलिव्हचे तेल यांचे ते जाडसर धिरडेच असते, फक्त तव्याऐवजी मोठ्या परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वरून मिरी भुरभुरतात. मी पर्समधून लसणाची चटणी काढली. सूनबाईंनी आधी इकडे-तिकडे पाहिले आणि मग हात पुढे केला.

इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे नीसमधल्या सिमिए टेकडीवरची रेजिना ही इमारत मी हट्टाने पाहिली. आता तेथे खासगी घरे आहेत, पण 1897 साली ते नवेकोरे हॉटेल होते आणि व्हिक्टोरिया राणी तेथे हिवाळा संपता-संपता येऊन राहत असे. तिच्यासोबत तिचा हिंदुस्थानी मुन्शी अब्दुल करीम असे. 1897 साली त्याला बरोबर नेण्यावरून तिच्या दरबारी मंडळींनी मोठे वादळ उठवले होते. या किनाऱ्यावरची जुनी हॉटेले मुळात हिवाळ्यासाठी बांधलेली आहेत, थंडी टाळायला आलेल्या धनिकांसाठी. उन्हाळ्यात ती बंद असत. उन्हाळ्याचे वेड 1920 नंतरचे. हे कळल्यावर खिडक्या एवढ्या मोठ्या आणि दक्षिणेला का, ते उलगडले. आपण ज्या उन्हापासून पडदे ओढतो त्याच उन्हाचे ती मंडळी भाडे भरत होती.

इंदिरानगरहून, हॉटेल व्यवस्थापन शिकलेला

मी मोनाकोच्या ओतेल द पारीमध्ये राहिलेलो नाही, फक्त कॉफी प्यायलो आहे, हे आधीच स्पष्ट करतो. 1864 सालचे हे हॉटेल कॅसिनोच्या शेजारी आहे आणि नीसहून रेल्वेने मोनाको अर्ध्या तासाच्या आत येते. प्रवेशदालनात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा अश्वारूढ पुतळा आहे. जुगाराला जाण्यापूर्वी घोड्याचा गुडघा चोळण्याची प्रथा असल्यामुळे तेवढाच भाग सोन्यासारखा झळाळतो, बाकीचा घोडा काळसर आहे. आपल्या देवळातल्या नंदीची आठवण झाली.

व्यवसायातली दोन-तीन कामाची माणसे आणि कामाचे शब्द सांगतो. कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्यांची फुली असलेला माणूस म्हणजे कॉन्सिएर्ज, पाहुण्यांच्या सोयी लावून देणारा. या किल्ल्या मिरवणाऱ्यांची संघटना फ्रान्समध्येच 1929 साली सुरू झाली. वरच्या काकांना मळा दाखवणाऱ्या वाढप्याने जे केले, ते खरे तर याचे काम, आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. फ्रान्समध्ये पाच ताऱ्यांच्या वर ‘पालास’ हा एक दर्जा सरकारने 2010 पासून दिला आहे, म्हणून दोन पंचतारांकित हॉटेलांच्या दरांत दुपटीचा फरक दिसला तर गोंधळू नये. जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरलेले असते. मुक्कामाचा स्थानिक कर मात्र माणशी, दर रात्री, बहुधा वेगळा घेतात. आणि साधे पाणी हवे असेल तर ‘काराफ दो’ म्हणावे, नळाच्या पाण्याचा जग फुकट येतो. नुसते पाणी मागितले तर बाटली येते आणि बिलातही येते.

गोविंदनगरहून

दोनच ओळी लिहिते. खोली घेतानाच आमच्या क्रेडिट कार्डावर अनामत म्हणून रक्कम अडकवली गेली आणि ती सुटायला घरी आल्यावरही तीन आठवडे लागले. त्या अवधीत कार्डाची मर्यादा संपल्यामुळे परतीच्या वाटेवर विमानतळावर जेवणाचे पैसे दिराकडून मागवावे लागले. आमच्यासारख्या नवविवाहितांनी दोन कार्डे न्यावीत.

धागा सुरू करणारीकडून पंचवटीच्या बाईंना एक प्रश्न : खोलीत चहाची किटली होती का? आमच्याकडे नव्हती.

पंचवटीहून : आमच्याकडेही नव्हती, मागितल्यावर दहा मिनिटांत चांदीच्या तबकात घालून आणून दिली. चहाची पूड आणि सुकवलेला गवती चहा मी घरूनच नेला होता. किटली आणणारा मुलगा वासाने दारातच थांबला, म्हणून त्यालाही अर्धा कप दिला.